झालर लावलेली पत्रपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्रपेटी आहे. पत्रपेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रस्त्याच्या कोपऱ्यावरची, ऐटीत उभी असलेली मोठी पेटी आली असेल, तर तिला आधी बाजूला सारा. ती लोकांची पत्रे गिळते आणि विसरून जाते. मी तशी नाही. मी एका चार मजली इमारतीच्या दारात, जिन्याखालच्या भिंतीवर ठोकलेली घरगुती पेटी आहे. आम्ही एकूण आठ जणी आहोत. वरच्या रांगेत डावीकडून तिसरी, कोपऱ्यात जरा पोचा आलेली, ती मी.

आमच्या इमारतीत राहणारे सगळेच दुसऱ्या देशांतून पोटापाण्यासाठी आलेले. आता तुम्ही विचाराल, परमुलखातल्या पेटीला मराठी कशी येते? सांगते. आमच्या भिंती भलत्याच जाड आहेत. वर घरांमध्ये फोनला रेंज मिळत नाही. ती मिळते जिन्याखाली, नेमकी माझ्यासमोर. त्यामुळे ज्याला घरी फोन करायचा तो येथे येऊन उभा राहतो आणि तासन्‌तास बोलतो. गेल्या पंचवीस वर्षांत मी याच जागी पाच भाषा शिकले. मराठी सगळ्यांत शेवटी शिकले, पण सगळ्यांत पक्की, कारण ती शिकवणारी बाई फोनवर बोलताना श्वास घ्यायलासुद्धा थांबत नसे.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. एकाच पत्र्यातून आम्ही सगळ्या बहिणी कापून निघालो. निम्म्या जणी भट्टीत घालायचे ट्रे झाल्या आणि निम्म्या पत्रपेट्या. तेव्हा मला ट्रे झालेल्या बहिणींचा फार हेवा वाटे. त्यांच्या पोटात रोज काहीतरी गरम आणि खमंग पडणार, आणि माझ्या पोटात काय, तर सोफ्यांच्या सेलची रंगीत चोपडी! पण रंगाऱ्याने मला दोन हात हिरवा रंग दिला, कुलूप बसवले आणि पोटावर एक छोटी काच लावली. त्या काचेमागे कागदाची पट्टी सरकवायची. पट्टीवर नाव लिहायचे. तेथेच माझ्या आयुष्याची सगळी गंमत आहे, म्हणून ही पट्टी लक्षात ठेवा.

या देशात टपालाचा एक नियम आहे. पत्रावर इमारतीचा क्रमांक असला, रस्ता असला, अगदी मजला असला तरी पोस्टमन ते सगळे सोडून पेटीवरचे नाव बघतो. पेटीवर नाव आहे, तर पत्र आत. नाव नाही, तर तो माणूस येथे राहत नाही. मग तो माणूस समोर जिन्यावर बसून शेंगा का सोलत असेना! पत्र आल्या वाटेने परत जाते.

आणि परक्या माणसाचे तर पत्रावाचून पानही हलत नाही. फोनचे कार्ड चालू करायचे, तर त्याचा गुप्त आकडा पत्राने येतो. घरात इंटरनेट घ्यायचे, तर तार जोडणारा माणूस कधी येणार ते पत्राने कळते. बँकेची पत्रे निराळी, कचेऱ्यांची निराळी. येथल्या कचेऱ्यांचा कागद सोडून दुसऱ्या कशावर विश्वासच नाही. मी किती जणांचे गुप्त आकडे पोटात ठेवले असतील, पण एकही फुटू दिला नाही, हे मी छाती पुढे करून सांगू शकते.

चार वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर एक नवराबायको राहायला आले. त्यांची खरी नावे मला पाठ आहेत, पण पेटीने नावे फोडू नयेत. पुढे नवऱ्याची आई आली. ती फोनवर त्यांना ‘चिरंजीव’ आणि ‘सूनबाई’ म्हणत असे. मीही तेच म्हणते. चिरंजीव पुलांचे नकाशे काढायचे. आल्या दिवशीच त्यांनी सुबक अक्षरांत आपले नाव लिहून पट्टी सरकवली. फक्त आपलेच. बायकोचे नाव लिहायचे त्यांना सुचले नाही. घर त्यांच्या नावावर, म्हणून पट्टीही त्यांच्या नावाची. आडनाव एकच, म्हणून सूनबाईंची पत्रे नवऱ्याच्या नावाच्या आधाराने येत राहिली.

पहिले दोन महिने चिरंजीवांची जी धावपळ झाली, ती बघून मला हसू आवरत नसे. इंटरनेटवाले म्हणाले, आधी फोन नंबर द्या. फोनवाले म्हणाले, आधी बँकेचे खाते द्या. बँकवाले म्हणाले, पत्त्याचा पुरावा म्हणून घरी आलेले पत्र आणा. आणि पत्र कोण पाठवणार? फोनवाले, नाहीतर इंटरनेटवाले! शेवटी ग्रंथालयाने ‘तुमचे सभासदत्व मंजूर झाले आहे’ असे दोन ओळींचे पत्र पाठवले. चिरंजीवांनी ते काढून माझ्यासमोरच कपाळाला लावले.

सूनबाईंची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. आपल्या देशात त्या डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायच्या. येथे तेच काम करायचे, तर एक परीक्षा द्यावी लागे. त्या परीक्षेसाठी त्या येथली भाषा शिकल्या, त्यांनी अर्ज केला, कागदांवर शिक्के मारून आणले. मग त्या बोलावण्याची वाट बघू लागल्या. बोलावणे अर्थात पत्राने येणार. चौदा महिने झाले. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंना त्या आवडल्या होत्या. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, “पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत जागा धरून ठेवते. त्यानंतर मला दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल.”

सूनबाई दिवसातून तीन वेळा खाली येत. किल्ली फिरवत, आत बघत, हात घालून चाचपडत आणि दार हळूच लावत. रिकाम्या पेटीचे दार लोक सहसा आपटतात. त्यांनी कधीच आपटले नाही. मला त्यांच्याविषयी फार माया वाटे. कधीकधी वाटे, निदान सोफ्यांची चोपडी तरी असायला हवी होती आत.

त्याच सुमाराला माई आल्या. माई म्हणजे चिरंजीवांच्या आई, वर सांगितलेली मराठीची शिकवणी घेणारी बाई. तीन महिन्यांसाठी लेकाकडे राहायला आल्या होत्या. उंची बेताची, आवाज तीन मजल्यांचा. धाकट्या बहिणीला रोज सकाळी व्हिडिओ कॉल केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. वर इंटरनेट होते, पण सूनबाईंच्या अभ्यासात अडथळा नको म्हणून त्या चहाचा कप घेऊनच जिन्याखाली येत. पहिल्याच दिवशी त्यांनी फोन माझ्याकडे वळवला.

“ही बघ, आमची टपालाची पेटी. धूळ बघितलीस का? एवढी सगळ्यांची गुपितं पोटात घेते आणि हिच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही.”

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? पंचवीस वर्षांत माझ्याबद्दल कुणी असे बोलले नव्हते. मी विरघळलेच. माईंनी मला ओल्या फडक्याने पुसले, मग कोरड्याने पुसले, बिजागरीत तेल सोडले. शेजारच्या सात जणी बघत राहिल्या.

येथवर सगळे छान होते. पण माईंना एक सवय होती. घरात जी वस्तू दिसेल तिला कव्हर शिवायचे. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला कव्हर. इंटरनेटच्या डबीलासुद्धा त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात टोपडे चढवले होते, असे चिरंजीव फोनवर मित्राला सांगत होते. मग मी कशी सुटणार? एका सकाळी माई जुन्या चादरीचे फुलाफुलांचे कापड घेऊन आल्या. टेपने माझे माप घेतले. दोन दिवसांनी मला कव्हर चढले. खाली झालर, बाजूला इलॅस्टिक आणि पत्र टाकायच्या फटीपुरती काजासारखी शिवलेली चीर. हाताची शिवण, पण टाका कसा अगदी एकसारखा! कुलपासाठीही भोक ठेवले होते. माईंनी सगळ्याचा विचार केला होता. फक्त नावाच्या काचेचा केला नव्हता.

सूनबाईंच्या ते लक्षात आले होते. दुसऱ्यांचे डोळे तपासणारी बाई ती.

“माई, कव्हर सुंदर झालंय,” त्या चाचरत म्हणाल्या. “फक्त नाव झाकलं गेलंय का थोडं?”

“झाकू दे की. पोस्टवाली रोज येते, ओळखते ती आपल्याला. परवा मी तिला पाणी दिलं प्यायला. एकदा ओळख झाल्यावर पाटी कशाला लागते?”

सूनबाईंनी झालर नीट केली. सासूबाई पहिल्यांदाच आलेल्या, त्यांनी हौसेने शिवलेले, ते उतरवा कसे म्हणायचे? चिरंजीवांनी तर माझ्याकडे बघून नुसते “वा!” म्हटले आणि कामाला निघून गेले.

पोस्टवाल्या बाईंनी कव्हर पाहिले तेव्हा त्या खदखदून हसल्या. मग झालर उचलून आतले नाव बघितले, त्यावर बोटाने टकटक केले आणि माईंकडे बघून मान हलवली. त्यांना म्हणायचे होते, हे झाकू नका. माईंना वाटले, त्या विचारताहेत, हे शिवले कुणी?

“मी! मी शिवलं!” माई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “तुला पण शिवून देईन, पिशवीला!”

बाईंनी हात जोडले आणि पत्रे टाकून गेल्या. त्या खरोखरच ओळखत होत्या, त्यामुळे आठवडाभर काहीच बिघडले नाही. आणि मग त्या तीन आठवड्यांच्या रजेवर गेल्या.

त्यांच्या जागी बदलीवर एक तरुण पोस्टमन आला. पोरगा गुणी होता, अगदी नाकासमोर चालणारा. पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर थांबला, पिशवीतून एक जाड पाकीट काढले. त्यावर डोळ्याचे चित्र असलेला शिक्का होता. पंचवीस वर्षे पत्रे बघतेय मी, मला का कळणार नाही? ते सूनबाईंचे बोलावणे होते! त्याने माझ्याकडे पाहिले. फुले दिसली, झालर दिसली, नाव दिसले नाही. त्याने डावीकडच्या पेटीवर पाहिले, उजवीकडच्या पेटीवर पाहिले, पाकिटावर काहीतरी खरडले आणि ते पुन्हा पिशवीत टाकले.

मी काय करणार होते? ओरडता येत नाही, हात धरता येत नाही, झालर वर करता येत नाही. आदल्या दिवसापर्यंत त्या कव्हरात मी मिरवत होते. आता त्याच्या आत माझा जीव गुदमरू लागला.

त्यानंतर रोज तेच. कचेरीचे दुसरे पत्र आले, परत गेले. इंटरनेटवाल्यांचे पत्र आले, तेही गेले. त्यात म्हणे जुन्या तारा बदलणार असल्याचे कळवले होते आणि सोबतचा कागद भरून पाठवायचा होता. कागद गेला नाही, म्हणून पुढच्या सोमवारी घरातले इंटरनेट बंद पडले. झाले! आता तिघेही माझ्यासमोर. चिरंजीव एका पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन पूल काढताहेत, माई दुसऱ्या पायरीवर बहिणीशी बोलताहेत आणि सूनबाई मधल्या पायरीवर पुस्तक उघडून कानांत बोटे घालून बसल्या आहेत.

चिरंजीवांनी तक्रारीसाठी फोन लावला. यंत्र म्हणाले, एक दाबा. मग म्हणाले, चार दाबा. मग सनईसारखे काहीतरी वाजू लागले.

“दाबतोय, दाबतोय!” चिरंजीव ओरडले.

“कोणाचे पाय दाबतोस रे?” माईंनी फोनमधून मान वर काढून विचारले.

चाळीस मिनिटांनी खरा माणूस बोलला. तक्रार नोंदवली आहे, म्हणाला. उत्तर आठ दिवसांत पत्राने येईल. ते उत्तरही आले, मित्रांनो. अगदी वेळेवर आले. त्या गुणी पोराने तेही परत नेले.

मालकीणबाईंच्या मुदतीचे चारच दिवस उरले. त्या सकाळी सूनबाईंनी मला उघडले, बंद केले आणि तशाच माझ्या दारावर कपाळ टेकवून उभ्या राहिल्या. “नाही येणार आता,” एवढेच म्हणाल्या. माई चहाचा कप घेऊन येत होत्या. त्यांनी ते ऐकले आणि त्या सकाळी बहिणीला फोन केला नाही.

तेवढ्यात दार उघडले आणि रजा संपवून पोस्टवाल्या बाई आत आल्या. त्यांच्या हातात एक यादी होती. त्या आल्या आल्याच तावातावाने बोलू लागल्या. तीन आठवड्यांत तुमची नऊ पत्रे परत गेली! सगळ्यांवर ‘येथे राहत नाहीत’ असा शेरा! बोलता बोलता त्यांनी माझी झालर उचलली आणि काचेवर टकटक केले, पहिल्या दिवशी केले होते तसेच.

सूनबाईंनी सगळे माईंना सांगायला तोंड उघडले. पण सांगायची गरज पडली नाही. माई त्या बोटाकडे बघत होत्या. त्यांनी हातातला कप पायरीवर ठेवला.

“म्हणजे हे माझ्यामुळे?” त्या म्हणाल्या. “अगं, तू म्हणाली होतीस. तू म्हणाली होतीस गं मला, आणि मी ऐकलं नाही.”

“मी पण हळूच म्हणाले होते, माई. जरा जोरात म्हणायला हवं होतं.”

पोस्टवाल्या बाई म्हणाल्या, रडायला वेळ नाही. डोळ्याच्या शिक्क्याचे पाकीट ज्या कचेरीकडे परत गेले, ती याच शहरात आहे. दुपारपर्यंत उघडी असते. फोन करू नका, ते पत्राने कळवू म्हणतील. स्वतः जाऊन उभ्या राहा. हे ऐकताच माईंनी माझ्या अंगावरचे कव्हर ओढून काढले, काखेत मारले आणि घरातल्या चपला पायांत तशाच ठेवून सुनेचा हात धरला.

पुढचे मी पाहिले नाही. पण दुपारी माईंनी बहिणीला ते तीन वेळा सांगितले, त्यामुळे माझे पाठ आहे. खिडकीतल्या कारकुनाने सूनबाईंना सांगितले, दोन पत्रे पाठवली, दोन्ही परत आली, म्हणजे तुम्ही त्या पत्त्यावर राहत नाही. सूनबाई म्हणाल्या, राहते. कारकून म्हणाला, मग पेटीवर नाव का नाही? आता कव्हर म्हणजे काय, ते का शिवतात, रिमोटलासुद्धा का शिवतात, हे त्या कारकुनाला कसे समजावणार? सूनबाई शब्द शोधू लागल्या. माईंना भाषेचा गंधही नव्हता. त्या पुढे झाल्या. कारकुनासमोर त्याच्या नावाची पितळी पाटी होती. माईंनी तिच्यावर माझे कव्हर व्यवस्थित चढवले, झालर सारखी केली आणि मराठीत विचारले, “आता सांग, तू कोण?”

कारकून क्षणभर पाटीकडे बघत राहिला. मग असा हसला म्हणे, की मागच्या टेबलांवरचे लोक उठून आले. हसत हसतच तो आत गेला आणि परत आलेल्या पत्रांच्या टोपलीतून जाड पाकीट घेऊन आला. परीक्षा दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला होती.

सूनबाईंनी परीक्षा दिली. निकाल तेथेच सांगतात. त्यांनी घरी फोन केला, पण वर रेंज नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माई पहाटेपासून माझ्यासमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. फोन वाजला, त्यांनी ऐकले आणि “झाली! पास झाली!” असे ओरडत त्यांनी मला दोन थापा मारल्या. कोपऱ्यातला दुसरा पोचा तो. महिना संपायला दोन दिवस असताना सूनबाई चष्म्याच्या दुकानात रुजू झाल्या.

त्या संध्याकाळी माईंनी चिरंजीवांना खाली बोलावले. “नवी पट्टी लिही,” त्या म्हणाल्या. “आणि आधी तिचं नाव लिही. पत्रं परत गेली, त्यात नोकरी तिची जात होती, तुझी नव्हे.” चिरंजीवांनी निमूटपणे लिहिले. वर बायकोचे, खाली स्वतःचे. पट्टी आत सरकवणार, तोच सूनबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि खाली तिसरे नाव लिहिले. माईंचे.

“माझं कशाला?” माई म्हणाल्या. “मी महिन्याभरात जाणार. मला कोण पत्र पाठवतंय? आमच्या घरी आधी ह्यांच्या नावाने पत्रं यायची, आता ह्या लेकाच्या नावाने येतात. माझ्या नावाने तर लग्नाची पत्रिकासुद्धा कधी आली नाही.”

सूनबाईंनी शाई वाळायला फुंकर घातली. मग पट्टी आत सरकवली.

दहा दिवस गेले. माई सकाळी चहाचा कप घेऊन आल्या, बहिणीला फोन लावला आणि भाज्या, गुडघे, शेजारणी असे सगळे विषय सुरू झाले. पोस्टवाल्या बाई आल्या. त्यांनी एक पाकीट माझ्यात टाकता टाकता थांबवले, पट्टी वाचली, पाकीट पुन्हा वाचले आणि ते माईंच्या हातात दिले. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे पत्र होते. डोळे तपासायला अमुक दिवशी, अमुक वेळी यावे. खाली सही सूनबाईंची. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच टेबलावर जेवणाऱ्या सासूला त्यांनी ते रीतसर तिकीट लावून पोस्टाने पाठवले होते. दुकानात रुजू झाल्यावर त्यांनी पाठवलेले ते पहिलेच पत्र.

माईंना त्यातला एकही शब्द वाचता येत नव्हता. फक्त वर लिहिलेले आपले नाव तेवढे ओळखता आले, कारण सूनबाईंनी ते येथल्या अक्षरांखाली मराठीतही लिहिले होते. माईंनी त्यावरून अंगठा फिरवला. फोनमधून बहीण विचारत होती, “अगं, काय झालं? बोलत का नाहीस? ऐकू येतंय ना?”

“ठेव आता,” माई म्हणाल्या. “मला पत्र आलंय.”

मित्रांनो, मला तेल घाला, पुसा, अंगावर नवा रंग चढवा, मी नको म्हणणार नाही. पण माझी खरी काळजी घ्यायची असेल, तर आज घरी जाताना तुमच्या दारातल्या पेटीवरची नावे एकदा वाचा. घरात माणसे किती आणि पेटीवर नावे किती, ते मोजा. एखादे नाव राहिले असेल, तर आजच लिहा. आणि त्या नावाने एक पत्र टाका.